हाकेला ओ

सुलेखाच्या नवऱ्यानं हाकेला ओ देणं बंद केलं, त्याला सहा महिने होत आले होते. भांडण वगैरे काही नव्हतं. चारुदत्तरावांचे कान गेले होते, एवढंच; आणि ही गोष्ट खुद्द चारुदत्तराव सोडून स्टुटगार्टमधल्या सगळ्या ओळखीच्यांना माहीत होती. पस्तीस वर्षं गाड्यांच्या ब्रेकचं किंचाळणं मोजत बसलेल्या माणसाचे कान आणखी किती टिकणार? क्रांकेनकासेनं, म्हणजे आरोग्य विम्यानं, मुकाट्यानं मंजूर केलेलं कानाचं मशीन टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, संपलेले सेल आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या यांच्या सोबतीनं, नव्यासारखं पडून होतं.

"मला नीट ऐकू येतं. तूच हल्ली पुटपुटतेस," असं त्यांचं म्हणणं.

सुलेखा आणि पुटपुटणार! पुण्यात तिचा आवाज अख्खी गल्ली ओळखायची. पण बासष्टाव्या वर्षी नवऱ्याशी ओरडून बोलायचा तिला कंटाळा आला होता. चहा हवा का हे विचारायचं तरी उठून समोर जाऊन उभं राहावं लागे. मग ती विचारेनाशी झाली. कप नुसताच नेऊन ठेवू लागली. घरात माणसं दोन आणि दिवसभरात वाक्यं पाच-सहा. तिला ते फार खुपत होतं, पण सांगायचं कुणाला? ज्याला सांगायचं त्याला ऐकू येत नव्हतं.

अशात एका गुरुवारी फ्राऊ हेबेर्लेंचा फोन आला. शहरातल्या एका जुन्या थिएटरात दरवर्षी जपानी सिनेमांचा छोटासा महोत्सव भरवणाऱ्या या बाई. त्यांचा दुभाषा जिन्यावरून घसरून पाय मोडून घेऊन बसला होता आणि पाहुण्या दुसऱ्या दिवशी येऊन थडकणार होत्या. सुलेखा जपानी शिकली सदाशिव पेठेत, आणि इथं तीस वर्षं कंपन्यांसाठी जपानी कागदांचं जर्मन करत आली. म्हणजे झडपा, गळती आणि हमीच्या अटी. सिनेमाच्या वाटेला ती कधी गेली नव्हती. तरी पाहुण्यांचं नाव ऐकलं मात्र, आणि पुढचं काही न विचारता ती हो म्हणून मोकळी झाली.

पाहुण्यांचं नाव मिसाओ कुरेबायाशी. जपानमध्ये आजोबांच्या पिढीला त्या माहीत होत्या काळ्यापांढऱ्या सिनेमातली, मान जराशी कलती ठेवून बोलणारी तरुण बायको म्हणून. आणि त्या आजोबांच्या नातवंडांना किन्ता म्हणून. किन्ता हा कार्टूनमधला पोरगा. बाप दीपगृहाचा राखणदार, पोराचं नाक सदा वाहतं, गुडघे सदा फुटलेले. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तो गोल जिना धावत चढणार आणि वरून ओरडणार, "बाबा, दिवा लागला!" चाळीस वर्षं तो दहाच वर्षांचा राहिला आणि चाळीस वर्षं त्याच्या तोंडून कुरेबायाशीबाईच बोलल्या. ती मालिका जर्मनीतही लागायची. सुलेखाची लेक स्पृहा तिच्यावरच वाढली, अर्थात जर्मन आवाजात. सुलेखानं मात्र मूळ जपानी कॅसेटी मागवल्या होत्या आणि गंजत चाललेलं आपलं जपानी त्या पोराच्या बडबडीवर घासूनपुसून घेतलं होतं.

न्युरेम्बर्गला नोकरी करणाऱ्या स्पृहाला तिनं फोनवर हे सांगितलं, तर पोरगी किंचाळलीच. "एष्ट? किन्ता? आई, दी मुस दॉख उराल्ट झाइन!"

"म्हातारी असली म्हणून काय झालं? आणि मराठीत बोल," सुलेखा म्हणाली.

हॉटेलच्या लॉबीत ज्या भेटल्या त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या, सुलेखाच्या जेमतेम खांद्याला लागणाऱ्या, राखाडी कोट आणि पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज घातलेल्या बाई होत्या. हॉटेलापासून थिएटरापर्यंतचा चढ आणि वरच्या शंभर पायऱ्या त्यांनी अशा काही पार केल्या की धाप सुलेखालाच लागली. पण त्या बोलू लागल्या तेव्हा सुलेखा चरकली. आवाज पार बसलेला होता, कोरडा ठक्क.

"प्रवास बाधला का तुम्हाला?"

"प्रवास नाही. दोन वर्षं झाली." बाईंनी आपल्या थर्मासमधलं कोमट पाणी झाकणात ओतलं. "सुलेखा-सान, तुम्हाला आधीच सांगून ठेवते. रविवारी मी लोकांची माफी मागणार आहे. ती नीट भाषांतर करा."

रविवारी दुपारी आधी बाईंचा एक जुना सिनेमा, मग स्टेजवर मुलाखत आणि शेवटी 'किन्ता, प्रत्यक्ष आवाजात' असं पत्रकावर ठळक छापलं होतं. तिकिटं पंधरा दिवसांपूर्वीच संपली होती. आणि बाई म्हणत होत्या, पोराचा आवाज येत नाही. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, घशाला काहीही झालेलं नाही. स्टुडिओवाले भले लोक; त्यांनी दोन वर्षं वाट पाहिली. आता या शरदात किन्ता दुसऱ्या कुणाला तरी देणार, असं त्यांनी हात जोडून कळवलं होतं.

"मी अजून उत्तर दिलेलं नाही," बाई म्हणाल्या. "म्हटलं, इतक्या लांब जाऊन बघावं, तिथं तरी येतो का. विमानात संडासात जाऊन करून पाहिला. नाही आला."

"पण दोन वर्षांपूर्वी झालं काय?"

बाई म्हणाल्या, "उची नो हितो गेले."

उची नो हितो. म्हणजे आमच्या घरातलं माणूस. म्हणजे, सुलेखाच्या मनात आपोआप आलं, आमचे 'हे'. दोन दिवस बाई त्या माणसाबद्दलच बोलत राहिल्या, पण नाव म्हणून घेतलं नाही; आणि सुलेखानं ते विचारलंही नाही. तिची आजी असती तर तिनं उखाण्यात तरी घ्यायला लावलं असतं.

बाईंची हकिगत अशी. वयाच्या अठराव्या वर्षी मच्छीमारांच्या गावातून पळून येऊन सिनेमा कंपनीत लागल्या. चार वर्षं पाठीमागून चहाचे ट्रे नेणाऱ्या पोरी केल्या आणि बाविसाव्या वर्षी पहिलं मोठं काम मिळालं. नवरा वर्षभरासाठी बोटीवर निघतो, बायको दारात उभी राहून एक हाक मारते. संवाद एवढाच, "आनाता." दिग्दर्शकाला ती हाक काही पसंत पडेना. एकेचाळीस वेळा ते म्हणाले, परत. नट वैतागला, दिवेवाले जांभया देऊ लागले, बाईंना रडू कोसळायच्या बेतात.

"बेचाळिसाव्या वेळी मी त्या नटाच्या पाठीकडे बघितलंच नाही," बाई म्हणाल्या. "कोपऱ्यात एक जण बांबूला माईक बांधून तो तोलत उभा होता. कानाला हेडफोन. मनात आलं, एकेचाळीस वेळा हाच तर ऐकतोय बिचारा. मी त्याला हाक मारली."

"मग?"

"त्यानं दचकून मान वर केली. दिग्दर्शक म्हणाले, झालं. पुढच्या वसंतात लग्न केलं आम्ही."

पस्तिशी उलटली तसे पडद्यावरचे रोल आटले. नायिकेची मोठी बहीण, मग आई, मग शेजारीण, मग कुणीच नाही. नवरा, म्हणजे 'हे', तोवर आवाजाच्या स्टुडिओत गेले होते. ते घरी येऊन म्हणाले, त्यांना तुझा चेहरा नको असेल तर राहू दे, आवाज माझ्याकडे घेऊन ये. काचेच्या या बाजूला बाई, त्या बाजूला हे. काम सुरू करण्याआधी माईक तपासायला बाई एकच शब्द बोलायच्या, "आनाता." आणि कानातल्या हेडफोनमध्ये उत्तर यायचं, "कोको नि इरु यो." इथेच आहे मी. ते आलं की किन्ता जिना चढायला मोकळा. निवृत्त झाल्यावरही किन्ताच्या दिवशी हे डबा घेऊन यायचे आणि काचेपलीकडे बसायचे.

"आता तिथं दुसरे असतात. चांगले आहेत. मी हाक मारली की ते सांगतात, लेव्हल ठीक आहे." बाईंनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "लेव्हल ठीकच असते. किन्ता येत नाही."

शनिवारी सकाळी रिकाम्या थिएटरात सिनेमाची प्रत तपासायची होती. बाई आणि सुलेखा मधल्या रांगेत बसल्या. पडद्यावर बाविशीची मिसाओ दारात आली, मान किंचित कलली, आणि त्या हाकेनं सुलेखाच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात खाली जर्मन अक्षरं उमटली. लीबलिंग.

"शी!" सुलेखा चक्क मराठीत ओरडली.

"काय लिहिलंय?" बाईंनी विचारलं. दुभाष्यानं खोटं बोलायचं नसतं. सुलेखानं सांगितलं, 'लाडक्या'. बाईंनी फक्त डोळे मिटून घेतले.

मग सुलेखानं फ्राऊ हेबेर्लेंना धरलं. आनाता म्हणजे शब्दशः 'तुम्ही'. पण बायकोनं नवऱ्याला म्हटलं की त्याचा अर्थ तुम्हीही नाही आणि लाडक्याही नाही. त्यात लाड नसतात हो! त्यात संसार असतो.

"आल्झो... मग शात्स?" फ्राऊ हेबेर्लेंनी भाबडेपणानं विचारलं.

"ते तर त्याहून भयंकर! नवऱ्याला काय 'सोन्या' म्हणायचं?"

आता सबटायटल बदलणं शक्य नव्हतं. फाइल बाहेरून बंद होऊन आली होती. शेवटी फ्राऊ हेबेर्ले म्हणाल्या, उद्या स्टेजवर मी या शब्दाबद्दलच विचारते, तुम्ही दोघी लोकांना समजावून सांगा. किन्ताच्या आवाजाबद्दल सुलेखा त्यांना काही बोलली नाही. ते सांगायचा हक्क बाईंचा होता.

दुपारी सुलेखा बाईंना घरीच घेऊन आली. बसलेल्या घशाला जपानी वैद्यक काय म्हणतं ते तिला ठाऊक नव्हतं. सदाशिव पेठ म्हणते गुरगुट्या भात, मेतकूट आणि वर तूप. चारुदत्तरावांनी पाहुण्यांना कमरेत वाकून जपानी नमस्कार केला, ऐकू न आलेल्या चार वाक्यांना हसून मान डोलावली आणि पेपर घेऊन ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. दोघी स्वयंपाकघरात जेवायला बसल्या.

"तुमच्या भाषेत आनाताला काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

"अहो."

बाईंनी चमचा खाली ठेवला. "परत."

"अहो."

"हे माझ्याशी बोललात. त्यांना हाक मारता तशी मारा. चहा झालाय."

सुलेखा हसली, पण तिनं मारली. दोन सुरांत, दुसरा सूर वर. मग बाईंनी फर्माइशच लावली. दार वाजतंय, तुम्ही उघडा. पाहुण्यांसमोर नको ते बोलताहेत, गप्प करा. तिसऱ्यांदा तेच सांगावं लागतंय. प्रत्येक अहो वेगळा निघाला. एकाच शब्दात आपण इतकं सामान भरून ठेवलंय याचं सुलेखालाच नवल वाटलं. बाई ओठ हलवून प्रत्येक हाक चाखत होत्या.

"आणि काही काम नसताना?"

"म्हणजे?"

"हाक मारायची, पण सांगायचं काहीच नाही."

तशी हाक ती पूर्वी मारायची. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. "काय गं?" असं उत्तर यायचं आणि ती म्हणायची, "काही नाही." त्यावर ते चिडायचे, मग काय हाका मारतेस उगाच! शेवटची कधी मारली होती, आठवेना.

"अहो," ती हळूच म्हणाली.

बाहेरच्या खोलीत पेपरचं पान उलटलं. तेवढंच.

बाईंच्या तीक्ष्ण कानांनी ती शांतता टिपली. त्यांनी दाराकडे बघितलं, मग सुलेखाकडे. सुलेखाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला तिनं बाईंच्या भातावर आणखी एक चमचा तूप घातलं.

"सोडू नका," बाई म्हणाल्या. "उत्तर नाही आलं तरी मारत जा. तुमचं माणूस त्या खोलीत आहे. मला हाक मारायला खोलीच उरली नाही, म्हणून सांगते."

रविवारी दुपारी थिएटर गच्च भरलं. चाळिशी-पन्नाशीतली जर्मन माणसं, कुणी पोरांना घेऊन आलेली, कुणाच्या अंगावर दीपगृहाचं चित्र असलेले टीशर्ट पोटावर ताणलेले. फ्राऊ हेबेर्लेंनी दारातच चारुदत्तरावांना हेरलं आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी थिएटरात ठेवलेले बिनतारी हेडफोन त्यांच्या हातात दिले. कानाच्या मशीनला सहा महिने शिवायला तयार नसलेल्या गृहस्थांनी ते कौतुकानं उलटसुलट करून पाहिले आणि ऐटीत चढवले. हेडफोन म्हणजे यंत्र आणि कानाचं मशीन म्हणजे म्हातारपण, असा त्यांचा हिशेब. ते अकराव्या रांगेत जाऊन बसले. सुलेखानं स्टेजच्या कडेवरून ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

सिनेमा संपला. टाळ्या ओसरल्यावर बाई स्टेजवरच्या खुर्चीत येऊन बसल्या, पांढरे शूज जमिनीच्या जरा वर तरंगत. शेजारी सुलेखा, समोर दोन माईक. बाईंचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकलेले होते. ते फक्त सुलेखाला दिसत होते. फ्राऊ हेबेर्लेंनी विचारलं, बाईंनी बसक्या आवाजात सांगितलं, सुलेखा जर्मन करत गेली. मच्छीमारांचं गाव, चहाचे ट्रे, एकेचाळीस वेळा परत, बेचाळिसाव्या वेळी माईकवाला. लोक हसले, मग शांत झाले. सुलेखाला पुढची माफी दिसत होती.

"पण मग या आनाताचा खरा अर्थ काय?" फ्राऊ हेबेर्लेंनी ठरल्याप्रमाणे विचारलं.

बाईंनी जरा विचार केला. "जर्मनमध्ये तो शब्द नाही, असं मला सांगण्यात आलं आहे," त्या म्हणाल्या. "पण माझ्या दुभाषीणबाईंच्या भाषेत तो आहे. मी काल शिकले."

सुलेखानं याचं जर्मन करून टाकलं आणि मग आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आलं. तोवर बाईंनी माईक जवळ ओढला होता. मान किंचित कलली. सिनेमातल्यासारखीच.

"अहो..."

आवाज कुरेबायाशीबाईंचा नव्हता. तो सुलेखाचा होता. हुबेहूब, पुण्याच्या हेलासकट, काही काम नसतानाचा. सुलेखाला आपलाच आवाज शेजारून ऐकू आला आणि ती जागच्या जागी थिजली.

"काय गं? इथेच आहे मी!"

अकराव्या रांगेतून, कानाला हेडफोन लावलेला माणूस बोलतो तितक्या जोरात, चारुदत्तरावांनी ओ दिली होती. चार दशकांची सवय. ते नुसते बोलले नाहीत, अर्धे उठून उभेसुद्धा राहिले. सगळं थिएटर मागं वळलं आणि मग हास्याचा स्फोट झाला. चारुदत्तराव भांबावून इकडेतिकडे बघू लागले. सुलेखाला हसू येत होतं, रडू येत होतं आणि स्टेजवरून उडी मारून पळावंसंही वाटत होतं. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या हाकेला उत्तर आलं होतं, आणि ती हाक तिनं मारलीही नव्हती.

"वास हाट एर गेझाग्ट?" डोळे पुसत फ्राऊ हेबेर्लेंनी विचारलं. काय म्हणाले ते?

दुभाष्यानं सगळ्याचं भाषांतर करायचं असतं, नवऱ्याचंही. "माझे मिस्टर आहेत ते," सुलेखानं जर्मनमध्ये सांगितलं. "ते म्हणाले, इष बिन दॉख दा." लोक पुन्हा हसले, पण आता मऊपणानं. मग ती बाईंकडे वळली, जपानी करायला. तोंड उघडलं आणि शब्द सवयीनं बाहेर पडले.

"कोको नि इरु यो."

आपण काय बोललो हे तिला बोलून झाल्यावर ऐकू आलं.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मांडीवरचे हात सुटले. त्यांनी मान वळवून अकराव्या रांगेकडे पाहिलं, तिथं हेडफोन लावून उभ्या असलेल्या त्या गोंधळलेल्या माणसाकडे पाहिलं, आणि त्यांच्या छातीतून एक हुंदका वर यायला लागला. सुलेखानं पाण्याचा पेला पुढं केला. पण तो हुंदका नव्हताच. ते वाहणारं नाक जोरात ओढल्याचा आवाज होता.

"बाबा! दिवा लागला!"

दहा वर्षांचा पोरगा गोल जिना चढून वर पोचला होता. आवाज थोडा चिरकला, पण पोरांचा चिरकतोच. थिएटरातली चारशे माणसं उठून उभी राहिली. ताणलेल्या टीशर्टातला एक दाढीवाला तर पहिल्या रांगेत ढसाढसा रडत होता. किन्ता बोलतच सुटला, बाबाला, समुद्राला, पहिल्या रांगेतल्या पोरांना, आणि त्याचं जर्मन करा असं सुलेखाला कुणीच म्हणालं नाही. तिला ते जमलंही नसतं. माफी मागायची राहूनच गेली.

टाळ्या थांबेनात. अकराव्या रांगेत चारुदत्तराव अजून उभेच होते. आजूबाजूला काय चाललंय त्याचा त्यांना पत्ता नव्हता; आपल्याला हाक आली एवढंच त्यांना कळलं होतं, आणि काय हवंय ते अजून कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी सुलेखाकडे बघून हातानंच विचारलं, काय?

सुलेखानं माईक तोंडाशी नेला.

"काही नाही हो," ती मराठीत म्हणाली. "उगीचच."

याचं भाषांतर मात्र तिनं कुणालाच करून दिलं नाही.